विश्लेषण : वडिलांचा तोंडाचा कॅन्सर परतला... ऑपरेशनचा निर्णय नेमका कोणाचा?

तोंडाचा कॅन्सर दुसऱ्यांदा आला की घरातले सगळे धावपळीला लागतात. पैसे, गाडी, ओळखीचा डॉक्टर यांची जुळवाजुळव होते. पण ज्याचे ऑपरेशन आहे त्या म्हाताऱ्या माणसाला काय हवे, हे बहुतेक वेळा विचारलेच जात नाही. ते का विचारायचे, कधी विचारायचे आणि पुढची तयारी कशी करायची?

मुंबई-गोवा महामार्गावरून अलिबागचा फाटा जिथे फुटतो ते वडखळ. भातशेती, मिठागरे, धरमतरची खाडी आणि अलीकडच्या काही दशकांत कारखाने असा हा पट्टा. इथल्या मागच्या पिढीच्या कनवटीला तंबाखू-चुन्याची डबी असायचीच, आणि बायकांच्या हाती मशेरी. ही काही एकट्या रायगडची गोष्ट नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू, म्हणजे चघळण्याची, लावण्याची किंवा हुंगण्याची तंबाखू वापरत असल्याचे दिसले होते. राज्यात जुलै २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. ती किती पाळली जाते हे कोणत्याही नाक्यावर उभे राहिले की कळते. जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार मृत्यू झाले.

या आकड्यांत एक गट असा आहे, ज्याच्याविषयी फार बोलले जात नाही. पहिले ऑपरेशन झाले, रेडिएशन झाले (ज्याला अनेक घरांत ‘शेक’ म्हणतात), दोन-तीन वर्षे बरी गेली आणि मग गालात पुन्हा जखम किंवा मानेत गाठ. तोवर वडील सत्तरीला आलेले असतात. रिपोर्ट मुलाच्या मोबाइलवर येतो, व्हॉट्सअ‍ॅपवर भावंडांत फिरतो, मुंबईतल्या मामाला आणि दुबईतल्या जावयाला कळतो. ओटीवर बसलेल्या वडिलांना मात्र सांगितले जाते, ‘‘बाबा, जुनी जखम जरा चिघळलीय, साफ करून घ्यायचीय.’’ हेतू चांगलाच असतो. तरीही सुरुवात इथेच चुकते, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘परतला’ म्हणजे नेमके काय?

तीन वेगवेगळ्या गोष्टींना आपण ‘कॅन्सर परतला’ असे एकच नाव देतो. पहिली, जुन्या जागी किंवा तिच्या कडेला राहून गेलेल्या पेशी पुन्हा वाढल्या. दुसरी, मानेतल्या गाठींमध्ये रोग दिसला. तिसरी, तोंडात दुसऱ्याच ठिकाणी अगदी नवा कॅन्सर झाला. तिसऱ्या प्रकाराचे कारण अमेरिकी डॉक्टर डॅनली स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये मांडले होते. वर्षानुवर्षे तंबाखूचा मारा बसलेले तोंडाचे सगळे अस्तरच आतून बदललेले असते. त्यातला एक तुकडा काढला तरी बाकीची जमीन तीच राहते. शेतातला एक कोपरा निंदला म्हणून उरलेल्या शेतात तण उगवायचे थांबत नाही, तसेच हे.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पुढचे उपचार त्यावर ठरतात. पहिल्या उपचारानंतर दोन-चार महिन्यांतच परतलेला रोग सहसा आडमुठा असतो. वर्ष-दोन वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा आलेला, लहान असलेला आणि आधी रेडिएशन न झालेल्या जागेतला रोग काढून टाकण्याची शक्यता जास्त. म्हणून ऑपरेशनची तारीख मागण्याआधी तपासण्या पूर्ण होणे गरजेचे. बायोप्सी लागते, रोग किती खोल आहे ते पाहायला सीटी किंवा एमआरआय लागतो आणि तो फुप्फुसापर्यंत पोहोचला आहे का, ते पाहायला छातीचा सीटी किंवा पेट सीटी. रोग दूरवर पसरला असेल तर जबडा काढण्याएवढ्या मोठ्या ऑपरेशनचा सहसा उपयोग नसतो, आणि ते ऑपरेशननंतर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

जाताना जुनी फाइल न्यावी हे सगळ्यांना ठाऊक असते, पण फाइलमधले नेमके तीन कागद हरवलेले असतात : पहिल्या ऑपरेशनचा पॅथॉलॉजी रिपोर्ट, ऑपरेशनची नोंद आणि रेडिएशन किती व कुठे दिले त्याचा तपशील. पहिला उपचार वेगळ्या रुग्णालयात झाला असेल तर पॅथॉलॉजीच्या स्लाइड आणि ब्लॉकही मागून घ्यावेत.

दुसरे ऑपरेशन पहिल्यासारखे का नसते?

‘‘मागच्या वेळी दहा दिवसांत घरी आले होते’’ हे वाक्य डॉक्टरांना नेहमी ऐकावे लागते. रेडिएशन झालेली जागा आतून कडक होते, तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि टाके भरून यायला वेळ लागतो. जुन्या ऑपरेशनचे व्रण असतात. मानेतल्या रक्तवाहिन्यांभोवतीचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. रोगासोबत आजूबाजूचा निरोगी भागही काढावा लागतो. त्यात गाल, जिभेचा भाग, जबड्याचे हाड, कधी वरची कातडीही जाते. ती पोकळी भरायला शरीराच्या दुसऱ्या भागातून मांस आणतात. छातीचा स्नायू वळवून घेतात, किंवा मांडी वा मनगटाजवळची कातडी रक्तवाहिन्यांसकट काढून मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. हाड हवे असेल तर पायातले फिब्युला हे बारीक हाड वापरतात. असे ऑपरेशन आठ-दहा तास किंवा त्याहूनही जास्त चालू शकते.

त्यानंतर काही दिवस गळ्यात श्वासाची नळी आणि नाकातून जेवणाची नळी. लावलेल्या भागाचा रंग बदलला, तो काळा-निळा किंवा पांढरा पडला तर पहिल्या दोन-तीन दिवसांत पुन्हा थिएटरमध्ये न्यावे लागू शकते. टाक्यांतून लाळ मानेवर झिरपू लागली तर मुक्काम आठवड्यांनी वाढतो. हे सगळे प्रत्येकाला होते असे नाही. पण ‘असे होऊ शकते’ हे रुग्णाला आणि घरच्यांना आधी माहीत असणे आणि मध्यरात्री अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर पहिल्यांदा कळणे, यात फार मोठा फरक आहे.

वडिलांना सांगायचे की नाही?

हा प्रश्न फक्त आपल्याकडेच पडतो असे नाही. मानसशास्त्रातले मोठे नाव सिग्मंड फ्रॉइड यांना १९२३ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, तोंडाचा कॅन्सर झाला. सिगारची जबर सवय होती. त्यांचे डॉक्टर फेलिक्स डॉइश यांनी निदान त्यांच्यापासून लपवले. त्यांना ते सोसणार नाही, असे डॉक्टरांना वाटले. पुढे फ्रॉइड यांना सत्य समजले तेव्हा आजारापेक्षा या लपवाछपवीचाच त्यांना जास्त संताप आला. हा अधिकार यांना दिला कोणी, असा त्यांचा सवाल होता. त्यानंतरच्या सोळा वर्षांत त्यांच्या तोंडावर तीसहून अधिक ऑपरेशने झाली. टाळूच्या जागी बसवलेली मोठी कवळी काढणे-घालणे, जखमेची देखभाल हे सगळे मुलगी अ‍ॅना करत असे. १९२९ पासून त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर मॅक्स शुर यांच्याकडून त्यांनी सुरुवातीलाच वचन घेतले होते, की कितीही वाईट असले तरी खरे सांगायचे. २३ सप्टेंबर १९३९ रोजी लंडनमध्ये ८३ व्या वर्षी ते गेले. मधल्या काळात ते रुग्ण पाहत होते, लिहीत होते. सिगार मात्र सुटला नाही.

शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट आज सांगण्याचे कारण एवढेच, की लपवण्याने दु:ख टळले नाही, फक्त विश्वास गेला. आपल्या घरांत तर लपवणे टिकतही नाही. ज्या माणसाचे एकदा ऑपरेशन झाले आहे, ज्याने टाटाच्या वऱ्हांड्यात दिवस काढले आहेत, त्याला जिभेला लागणारी नवी गाठ काय आहे हे मुलांच्या आधी कळलेले असते. तो गप्प बसतो, कारण पोरांना त्रास नको. पोरे गप्प बसतात, कारण बाबांना त्रास नको. दोन्ही बाजू एकमेकांना सांभाळतात आणि महत्त्वाचे बोलणे राहूनच जाते.

कायदाही या बाबतीत गुळमुळीत नाही. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी निकाल दिला. रुग्ण भुलीखाली असताना तिच्या आईच्या संमतीवर गर्भाशय काढले गेले होते. रुग्ण प्रौढ आहे, समजत्या अवस्थेत येऊ शकते आणि जिवावर बेतलेली तातडी नाही, तर आईची संमती पुरेशी नाही, असे न्यायालयाने सांगितले. उपचार काय, त्याचे धोके काय आणि दुसरे पर्याय काय, ही माहिती रुग्णाला मिळाली पाहिजे हेही त्यात आले. म्हणजे फॉर्मवर मुलाची सही झाली की काम झाले, असे नाही. अंगठा असो वा सही, ती समजून-उमजून वडिलांचीच हवी.

सांगायचे म्हणजे सगळे एका दमात ओतायचे, असेही नव्हे. आधी विचारावे, ‘‘बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?’’ काही जण म्हणतील, सगळे सांगा. काही म्हणतील, तुम्हीच बघा, मला फार खोलात नको. हे दुसरे उत्तरही त्यांचाच निर्णय आहे आणि त्याचा मान राखायचा. ‘त्यांनी आपल्यावर सोपवले’ आणि ‘आपण त्यांना विचारलेच नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलणे घरच्या भाषेत व्हावे. ‘रिकरन्स’, ‘सॅल्व्हेज’ हे शब्द डॉक्टरांच्या खोलीत ठीक. आगरी बोलणाऱ्या बापसाला ते ओटीवर बसून आगरीतच सांगावे लागतात.

वय आडवे येते का?

जन्मतारीख पाहून ऑपरेशनला नाही म्हणण्याचे दिवस गेले. खाडीकाठी रोज चार किलोमीटर चालणारा ७६ वर्षांचा माणूस, मधुमेह-दमा घेऊन खाटेवर बसलेल्या ६४ वर्षांच्या माणसापेक्षा मोठे ऑपरेशन जास्त चांगले सोसू शकतो. म्हणून चालण्याचा वेग, वजन किती उतरले, स्मरणशक्ती, आधी कधी पडले होते का, रोज किती गोळ्या चालू आहेत, हे सगळे तपासले जाते. टाटा मेमोरियलमध्ये वयस्कर रुग्णांसाठी स्वतंत्र ओपीडी आहे. दुसरीकडे ती नसली तरी भूलतज्ज्ञांना हे प्रश्न विचारता येतात.

लोकांना ओळखीचे उदाहरण शरद पवारांचे. २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात त्यांच्या तोंडाच्या कॅन्सरवर शस्त्रक्रिया झाली. तंबाखू-सुपारीच्या सवयीचा पश्चात्ताप त्यांनी पुढे जाहीरपणे बोलून दाखवला. एप्रिल २०२१ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी, दुसऱ्या एका उपचारासाठी रुग्णालयात असताना त्यांच्या तोंडात व्रण आढळला आणि तो लगेच काढण्यात आला. यातली घेण्यासारखी गोष्ट राजकारणातली नाही. सतरा वर्षांनंतरही तोंडाची तपासणी चालू होती आणि दिसलेल्या व्रणाकडे ‘उष्णता झाली असेल’ म्हणून कोणी दुर्लक्ष केले नाही, ही आहे.

डॉक्टरांना काय विचारायचे?

ओपीडीत पाच-सात मिनिटे मिळतात. त्यात घरातल्या सहा जणांनी सहा प्रश्न विचारण्यापेक्षा एकाने बोलावे, एकाने लिहून घ्यावे आणि वडील खोलीत असावेत, दाराबाहेर बाकावर नव्हे. ‘‘वाचतील ना?’’ या प्रश्नाला प्रामाणिक डॉक्टर हो म्हणू शकत नाही. त्याऐवजी असे विचारावे, की हे ऑपरेशन रोग मुळापासून काढण्यासाठी आहे की त्रास कमी करण्यासाठी? सगळे नीट पार पडले तर सहा महिन्यांनी बाबा तोंडाने जेवत असतील का, त्यांचे बोलणे घरच्यांना कळेल का? आणि नीट नाही पार पडले तर काय दिसेल? ऑपरेशननंतर पुन्हा रेडिएशन किंवा केमो लागेल का? ऑपरेशन केले नाही तर पुढचे महिने कसे असतील?

चांगल्या कॅन्सर रुग्णालयात असा निर्णय एकटा सर्जन घेत नाही. सर्जन, रेडिएशनचे, केमोचे आणि प्लास्टिक सर्जरीचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात. आपल्या रुग्णाची अशी चर्चा झाली का, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. दुसरे मत घेण्यातही नाही. वडखळहून पनवेलमार्गे खारघरचे अ‍ॅक्ट्रेक, म्हणजे टाटा मेमोरियलचेच केंद्र, पन्नासएक किलोमीटरवर आहे. परळ त्याच्याही पुढे. प्रवास जमत नसेल तर कागदपत्रे पाठवून टाटाशी जोडलेल्या ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेतूनही तज्ज्ञांचे मत मिळते.

दुसरे मत घेणे वेगळे आणि महिनोन्महिने जडीबुटीवाल्याकडे फेऱ्या मारणे वेगळे, हेही सांगायला हवे. परतलेला तोंडाचा कॅन्सर वाट पाहत नाही. आज काढता येणारी गाठ दोन-तीन महिन्यांनी गळ्यातल्या मोठ्या रक्तवाहिनीला वेढून बसते आणि मग निर्णय घ्यायला काही उरत नाही. दुसऱ्या मताला आठवडाभर ठीक आहे. ‘‘गणपती होऊन जाऊ देत’’ हे पेण-वडखळकडे हमखास ऐकू येणारे वाक्य मात्र डॉक्टरांना विचारूनच म्हणावे.

‘ऑपरेशन नको’ म्हणाले तर?

माझ्या मते सगळ्यात अवघड जागा हीच. वडील म्हणतात, ‘‘मागचं सोसलं, आता चिरफाड नको.’’ मुलाला वाटते आपण हरलो. नातेवाईक म्हणतात, पैसे वाचवले. अशा वेळी आधी ‘नको’ कशामुळे, ते शोधावे. कधी कारण वेदनेची भीती असते, कधी खर्चाची, कधी बोलता येणार नाही याची, तर कधी नुसतेच ‘सुनेला किती त्रास द्यायचा’ हे. यातल्या काही कारणांवर उपाय असतो. वेदनेवर औषध आहे, खर्चावर योजना आहे. सगळे समजूनही उत्तर ‘नको’ असेल, तर तेही उत्तर आहे.

आणि ऑपरेशन नको म्हणजे उपचार नकोत, असा त्याचा अर्थ होत नाही. या क्षेत्रात जगभर दखल घेतले गेलेले काम मुंबईतच झाले आहे. ज्यांचा डोके-मानेचा कॅन्सर ऑपरेशनच्या पलीकडे गेला आहे अशा रुग्णांवर टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी तोंडाने घ्यायच्या दोन स्वस्त गोळ्या, मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब, यांची तुलना शिरेतून द्यायच्या सिस्प्लॅटिनशी केली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गोळ्यांच्या गटातले रुग्ण सरासरी साडेसात महिने जगले आणि सिस्प्लॅटिनच्या गटातले सहा महिन्यांच्या आसपास. गोळ्यांचा गंभीर त्रासही कमी झाला. फरक थोडा वाटेल. पण दर वेळी सलाइन लावायला रुग्णालयात न जाता घरी गोळी घेऊन तो मिळतो, ही मोठी गोष्ट आहे. पुढच्या अभ्यासात अशाच गोळ्यांना निवोलुमॅब या महागड्या औषधाचा नेहमीच्या मात्रेच्या सुमारे ६ टक्के, म्हणजे फक्त २० मिलिग्रॅमचा डोस जोडला. वर्षभरानंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांपर्यंत गेले. हे बरे होणे नव्हे. पण ‘आता काही करता येत नाही, घरी न्या’ हे वाक्य अर्धवट आहे, हे यातून दिसते. वेदना, जखमेचा वास, रक्तस्राव, गिळणे यांसाठी पॅलिएटिव्ह केअर असते आणि ती शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायची गोष्ट नाही. ऑपरेशन करणाऱ्यांनाही तिचा उपयोग होतो.

आवाज जाण्याआधीचे दिवस

ऑपरेशन ठरले, की मधले दहा-पंधरा दिवस नुसते वाट पाहण्यात घालवू नयेत. तंबाखू त्याच दिवशी बंद. एकट्याने सुटत नसेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मराठीतही मदत मिळते. वडील रोज दारू घेत असतील तर ते भूलतज्ज्ञाला स्पष्ट सांगावे. लाजेने लपवले, तर ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दारू तुटल्याने हातपाय थरथरणे, भ्रम, झटके येऊ शकतात आणि तेव्हा धावपळ होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. फुंकणीतले तीन गोळे वर उचलायचा श्वासाचा व्यायाम ऑपरेशनआधीच शिकवून घ्यावा. गिळायला त्रास होऊन वजन उतरत असेल तर आहारतज्ज्ञ लगेच गाठावा. अशक्त शरीरात टाके भरत नाहीत. नाकातली नळी ऑपरेशनआधीच घालावी लागली तरी त्यात कमीपणा नाही.

आणि बोलून घ्यावे. गळ्यात नळी असताना आवाज फुटत नाही. लिहिता येणाऱ्यासाठी पाटी किंवा मोबाइल आहे; पण या भागातल्या सत्तरीच्या कित्येक माणसांना लिहिण्याची सवयच नाही. त्यांच्यासाठी आधीच खुणा ठरवाव्यात. एक बोट म्हणजे दुखतेय, दोन म्हणजे कफ काढा, छातीवर हात म्हणजे श्वास लागतोय, मूठ म्हणजे लघवी. पुठ्ठ्यावर चित्रे चिकटवून नातवाने केलेला तक्ता बाजारातल्या कोणत्याही वस्तूपेक्षा जास्त कामाला येतो. मोबाइलवर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवायचा का, हेही विचारावे. काहींना आवडते, काहींना ते अशुभ वाटते.

याच दिवसांत एक अवघड प्रश्नही विचारायचा असतो. काही बिघडले आणि तुम्ही बोलू शकला नाहीत तर तुमच्या वतीने कोणी बोलायचे? व्हेंटिलेटरवर किती दिवस ठेवावे असे तुम्हाला वाटते? सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात अशी इच्छा आधी लिहून ठेवायला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. कागद केला नाही तरी बोलणे झालेले असावे. नाही तर अतिदक्षता विभागाबाहेर थोरला, धाकटा आणि बहीण यांच्यात जे होते, ते पुढे जमिनीच्या वाटणीपर्यंत जाते.

रात्रीचा भ्रम आणि घरची नळी

मोठ्या ऑपरेशननंतर म्हातारी माणसे रात्री गोंधळतात. नळ्या ओढतात, घरच्यांना ओळखत नाहीत, ‘‘मला भाताच्या खळ्यावर जायचंय’’ म्हणून उठू पाहतात. मुले घाबरतात, वेड लागले की काय, असे वाटते. बहुतेकांमध्ये हा भ्रम काही दिवसांत उतरतो. चष्मा आणि कानातले यंत्र परत लावणे, दिवसा उजेड आणि रात्री अंधार राहील असे पाहणे, ओळखीचा एकच माणूस शेजारी असणे आणि आज कोणता वार आहे, आपण कुठे आहोत हे शांतपणे पुन्हा पुन्हा सांगणे, याने औषधाइतका फरक पडतो. सिस्टरना मात्र लगेच सांगावे, कारण कधी कधी मागे ताप, संसर्ग किंवा साखर असते.

घरी आल्यावरचा मोठा प्रश्न जेवणाचा. ज्या घरात तांदळाची भाकरी आणि माशाच्या कालवणाशिवाय दिवस मावळत नाही, तिथे समोरच्या माणसाला नाकातून पेज देणे हे देणाऱ्यालाही जड जाते. दर दोन-तीन तासांनी आहारतज्ज्ञाने सांगितलेल्या मात्रेत, बहुधा २०० मिलीच्या आसपास. नाचणीची आंबील, डाळीचे पाणी, दूध, चांगले शिजवून मिक्सरमधून काढून गाळलेले वरण-भात. देताना पाठ उशांनी उंच, दिल्यावर अर्धा तास तशीच, आणि नळी साध्या पाण्याने धुतलेली. नळी बाहेर सरकली तर स्वतः आत ढकलायची नाही. तोंडाने घेणे कधी सुरू करायचे ते गिळण्याचे तज्ज्ञ ठरवतात; मायेने दिलेला पाण्याचा एक चमचा श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. जबडा आखडू नये म्हणून तोंड उघडण्याचे आणि मानेच्या गाठी काढल्यावर खांदा उतरू नये म्हणून हाताचे व्यायाम रोज करायचे असतात. ते कंटाळवाणे असतात, म्हणून सुटतात.

हे सगळे करते कोण? निर्णय घेताना पुढे असलेले पुरुष डिस्चार्जनंतर कामावर जातात आणि नळी, कफ, कपडे, रात्रीची जाग सुनेकडे किंवा मुलीकडे येते. ऑपरेशन ठरवणाऱ्या बैठकीत ती नसते. तिला नळीची निगा रुग्णालयातच शिकवली गेली पाहिजे, आणि आठवड्यातल्या दोन रात्री तरी दुसऱ्या कोणी जागले पाहिजे. ‘‘ती करते हो सगळं’’ हे कौतुक तिच्या झोपेची भरपाई करत नाही.

खर्च आणि प्रवास

राज्याची जनआरोग्य योजना, तेव्हाची राजीव गांधी जीवनदायी, २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत रायगड होता. आता ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते आणि जुलै २०२४ पासून वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण उत्पन्नाची अट न ठेवता देते. ७० वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेचे ‘वय वंदना’ कार्ड मिळते, तेही उत्पन्न न पाहता. मात्र योजनेची मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते. आधी पैसे भरून नंतर परत मिळतील या आशेवर राहू नये. रुग्णालयात शिरताच ‘आरोग्यमित्र’ कुठे बसतात ते विचारावे. रेशन कार्ड आणि आधार सोबत असावे, दोन्हीवरचे नाव जुळत आहे का ते वडखळहून निघण्याआधीच पाहावे. धर्मादाय रुग्णालयांत गरिबांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात, तोही मार्ग आहे.

परळला राहायची वेळ आली तर दादरची संत गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन ही ठिकाणे कॅन्सरच्या कुटुंबांना वर्षानुवर्षे आसरा देत आली आहेत. जागा मिळेलच असे नाही, म्हणून आधी चौकशी करावी. तपासणीच्या फेऱ्यांसाठी पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे. पण गळ्यात नळी असलेल्या माणसाला महामार्गाच्या कोंडीत एसटीत बसवू नये. पहिल्या काही फेऱ्यांना गाडीच करावी, आणि पहाटे निघावे.

घरी आल्यावर तोंडातून किंवा मानेतून ताजे लाल रक्त येऊ लागले, श्वासाची नळी कफाने बंद झाली किंवा ताप चढला, तर रात्र काढायची नाही. १०८ ला फोन करायचा आणि पेण किंवा अलिबागपैकी ऑक्सिजन व डॉक्टर लगेच मिळतील तिथे आधी पोहोचायचे, खारघरला त्यानंतर. हे ठिकाण आधी जाऊन पाहून ठेवलेले असावे. डिस्चार्ज कार्डाचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर हवा. पहिली दोन वर्षे तपासणीच्या तारखा चुकवायच्या नाहीत, कारण रोग परतायचा असेल तर बहुधा याच काळात परततो. आणि त्या तारखांना सोबत जाणाऱ्या मुलाने, स्वतःच्या खिशात पुडी असेल तर, त्याच ओपीडीत आपलेही तोंड उघडून दाखवावे.